मानेवरची रेघ

धान्यबाजाराच्या भिंतीवर एक होला बसला होता. बसला होता तर बसू द्यावा. कारंजा गावात होल्यांची काय कमी! ज्वारीची पोती गाडीवरून उतरली की चार दाणे सांडतात, आणि दाणे सांडले की हे राखी रंगाचे पाहुणे भिंतीवरून खाली येतात. जगदेव आयुष्यात कधी होल्यासाठी थांबला नव्हता. आज थांबला, तोही पान तोंडात टाकता टाकता. होल्यानं छाती फुगवली, दोनदा वाकून घुमला आणि मान वळवली. मानेमागे काळी रेघ होती. अर्धीच, बारीक, दोन्ही टोकांना निमुळती. जगदेवनं ती रेघ ओळखली. ही रेघ त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती, दसऱ्याच्या चार दिवस आधी. टोकदार पेन्सिल घेऊन, भिंग डोळ्याला लावून, अर्धा तास खपून बुजवली होती, आणि वर मनातल्या मनात मालक हिरालालला शिवी दिली होती, की या माणसाची नखं कोणीतरी कापा, फोटोच्या काचेला ओरखडे पाडतो. मागून गाडीवान ओरडला, "ओ भाऊ, सर ना बाजूले! उभ्या उभ्या झोपला का?" तेव्हा तो सरला, आणि पान न चावताच थुंकून टाकलं.

त्याचा धंदाच बुजवायचा. हिरालालच्या फोटो स्टुडिओत अकरा वर्षं तो हेच करत आला होता. काचेवर फोटो उतरतो तेव्हा सगळं उलटं असतं, काळं ते पारदर्शक आणि पांढरं ते काळं. त्यामुळं काचेला ओरखडा पडला की कागदावर काळी रेघ उमटते. ती दिसली की पेन्सिलीनं भरून काढायची. देवीचे वण, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं याच पेन्सिलीनं जायचं. कारंज्यातले निम्मे नवरदेव जगदेवनं गोरे केले होते. मग कागदावर छापून झालं, की कापसाच्या बोळ्यानं तेलाचे रंग चढवायचे. गालांवर लाली, शालूवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, अगदी हुबेहूब! जगदेवला त्या शब्दाची सवय झाली होती. आता काळ्या रेघेचं सरळ गणित होतं. काचेवर जसा ओरखडा दिसतो, तशीच होल्याच्या मानेवरची काळी कंठीही दिसणार. पारदर्शक, बारीक, अर्धी. दोन्हींत काडीचा फरक नाही. फरक एवढाच की ओरखडा पक्ष्याच्या मानेवर बरोबर जागच्या जागी, बरोबर कंठीसारखा पडत नसतो, आणि हे एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही. कारण त्याला सांगितलं होतं, की हा नीळकंठ आहे.

सांगितलं हिरालालनं. हिरालाल मनानं वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात कल्पना शिरली की ती बाहेर निघत नाही. दसऱ्याला नीळकंठ दिसावा म्हणून अख्खं गाव शिवारात जातं. ज्यांना जाता येत नाही, म्हातारे आहेत, आजारी आहेत, त्यांच्यासाठी रंगीत नीळकंठाची तसबीर करावी, सकाळी उठून घरच्या घरी दर्शन घ्यावं. कल्पना झकास होती. हिरालाल तिपाई आणि मोठा कॅमेरा घेऊन तीन दिवस तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. बाभळीवर नीळकंठ बसला, हिरालालनं काळ्या कापडात डोकं घातलं, कॅमेऱ्याच्या धुरकट काचेवर उलटा लटकलेला पक्षी नीट जुळवला, आणि मग डोकं बाहेर काढून मागच्या बाजूला फोटोची कोरी काच, म्हणजे प्लेट, बसवली. प्लेट एकदा बसली की त्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही. समोर नुसत्या डोळ्यांनी पाहायचं आणि रबरी गोळा दाबायचा. हिरालालची नजर लांबची अधू. त्या क्षणभरात नीळकंठ उडाला असेल आणि त्याच फांदीवर होला येऊन टेकला असेल. एवढंच झालं होतं. जगदेवला आता ते सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं, जणू तोच त्या बाभळीखाली उभा होता. आठ प्लेटांपैकी सात हललेल्या निघाल्या. आठवीतला पक्षीही धुक्यातल्यासारखा फिका. हिरालाल म्हणाला, "तुया हातात हाय आता. उठाव दे त्याले."

आणि त्यानं उठाव दिला. लढाई सुरू झाल्यापासून जर्मन कागद मिळेनासा झाला होता. जपून ठेवलेल्या कडक कागदाचं शेवटचं पाकीट त्यानं त्यासाठी फोडलं. त्या कागदावर काळं ठार काळं येतं आणि पांढरं लख्ख. छापताना तळहाताच्या सावलीनं पक्ष्याला झाकलं, मागच्या आभाळाला जास्त उजेड दिला, म्हणजे पक्षी आभाळातून सुटून पुढं येतो. चोच बारीक वाटली म्हणून ब्रशानं जाड केली. डोकं लहान वाटलं म्हणून थोडं वाढवलं. अहाहा, काय अक्कल! प्रत्येक ठिकाणी तो पक्षी ओरडून सांगत होता, की मी तो नव्हे, आणि जगदेव प्रत्येक ठिकाणी त्याचं तोंड दाबत होता. मग रंग. छातीला वांग्याच्या फुलासारखा फिका जांभळट, डोक्याला हिरवट निळा, आणि पंखात दोन निळे. एक गर्द, एक मोरचुदाचा. मोरचुदाचा निळा जुळवायला त्याला पुरे दोन दिवस लागले. तो जुळला तेव्हा त्याच्या अंगावर शहारा आला. गावासाठी दहाबारा तसबिरी केल्या, पण सगळ्यांत चांगली जी उतरली, ती त्यानं कोणाला दिली नाही. ती अंजनाची होती.

अंजना त्याची बायको. मालेगावच्या वाटेवरच्या एका मळ्यातली, माळ्याचीच पोर, जगदेवसारखीच. पण जगदेव मळ्यातून लवकर सुटला, ती लग्न होईपर्यंत वाफ्यातच होती. दोन लेकरं गेली तिची. जन्मून नव्हे, न जन्मताच, दोन्ही आठव्या महिन्यात. पहिल्या वेळी दसऱ्याला ती तापानं फणफणली होती, शिवारात गेली नाही. दुसऱ्या वेळी गेली, पण आभाळ भरून आलेलं, नीळकंठ दिसला नाही. हे दोन धागे तिनं कधी जोडले, जगदेवला कळलं नाही. तो अशा गोष्टी मानत नसे. निदान स्टुडिओत बसून मानत नसे. यंदा तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि दसऱ्याला सातवा सरत आला होता. अंजनाची मावशी गोजराबाई सुईण. ती येऊन राहिली आणि तिनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "खाटेवरून पाय खाली ठेवाचा नाई. आंगनात बी जाचं नाई." संध्याकाळी अंजना जगदेवला म्हणाली, "मंग यंदा बी नाई दिसत मले नीळकंठ." तिचा आवाज इतका सपाट होता की तो घाबरला. म्हणाला, "मी आनतो तुयासाठी. घरात आनतो." तिनं रंग द्यायच्या आधी एकदा पाहायला मागितला होता फोटो. "दसऱ्यालेच पाह्य," तो म्हणाला, "आधी पाह्यला तं मजा जाते." मजा! त्या वेळी दाखवला असता तर ती मळ्यातली बाई एका नजरेत हसून म्हणाली असती, अवो, हा होला हाय. तिथंच सगळं मिटलं असतं.

दसऱ्याच्या सकाळी गोजराबाईनं तिचे डोळे स्वतःच्या हातानं झाकले आणि जगदेवनं खाटेसमोरच्या खिळ्याला तसबीर लावली. हात काढला. अंजनानं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जगदेवला त्या घटकेला आपण मोठे कारागीर आहोत असं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. तेव्हापासून नेमच पडला. सकाळी जाग आली की ती डोळे उघडत नसे. मिटल्या डोळ्यांनी म्हणायची, "बाजूले सरा." जगदेव खाटेपासून बाजूला व्हायचा, म्हणजे मधे कोणी येणार नाही. मग ती डोळे उघडायची आणि पहिलं तोंड नीळकंठाचं पाहायची. भाऊबीजेच्या दिवशी ती सहज बोलली होती, "रंगानं देखना हाय, पन हा नीळकंठ बसते मात्र होल्यावानी." तो हसला होता. होय, हसला होता. आता धान्यबाजारातून स्टुडिओकडे चालताना ते वाक्य त्याच्या पाठोपाठ येत होतं.

स्टुडिओत शिरल्या शिरल्या त्यानं काचांची पेटी काढली. आठवी काच उजेडाला धरली. मानेवर त्याच्या पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके होते, इतके सफाईदार की दुसऱ्या कोणाला दिसले नसते. नखानं खरवडून पाहावं, खाली कंठी आहे की नाही. पण हात उचलेना. "काय पाहून राह्यला?" हिरालालनं विचारलं. जगदेवनं सांगितलं. हिरालालनं काच घेतली, डोळे बारीक केले, परत दिली, आणि चक्क हसला. "बाप्पा! होला?" मग जरा थांबून म्हणाला, "हे पाह्य जगदेव, मी काय आनला ते मले माहीत नाई. पन नीळकंठ कोनं केला? तूच केला ना? अन् लोकायनं हात जोडले, खुश झाले. आता गप राह्य. गावात बोभाटा करशील तं दोघायलेही दुकान बंद करून मानोऱ्याले पळा लागन." तो त्याच्या परीनं धीर देत होता. पण 'कोनं केला' हे जगदेवच्या छातीत रुतून बसलं. कारण खरंच, हिरालालच्या काचेत होला होता. नीळकंठ कुठंच नव्हता. तो एकट्या जगदेवनं केला होता.

बरं, दुसरा एखादा पक्षी असता तर गोष्ट वेगळी. साळुंकी असती, कोतवाल असता. होला! जगदेवचे वडील गुलाबराव साधा माणूस, देवाधर्माचं फारसं करत नसत, पण एकदा कांद्याच्या कोठीत होला शिरला तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं जगदेवनं पाहिलं होतं. होला घरात शिरला की शांत करावी लागते. भटजी आले, होम झाला, आई दिवसभर जेवली नाही. होला घुमतो ते घर ओसाड पडतं म्हणतात. त्या वर्षी काही झालं नाही, उलट कांदा चांगला आला. पण जगदेवच्या मनात राहिला तो कांदा नव्हे, वडिलांचा उतरलेला चेहरा. आणि आता त्यानं काय केलं होतं? शिरला नव्हता होला, त्यानं हातानं आणला होता, फ्रेम करून, काच लावून, पोटुशी बायकोच्या समोर खिळ्याला टांगला होता. आणि ती रोज सकाळी, डोळे उघडल्याबरोबर, पहिलं तोंड त्याचं पाहत होती. शांत करावी म्हटलं तर गोजराबाई विचारील, कशाची? असल्या गोष्टी मी मानत नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा, आणि म्हणता म्हणता बोटांवर दिवस मोजायचा. आठव्याचे बारा दिवस उरले. अकरा उरले.

गंमत अशी, की ज्या माणसानं चौतीस वर्षांत होला पाहिला नव्हता त्याला आता होल्यांशिवाय काही दिसेना. विहिरीच्या रहाटावर होला. शेजारच्या कौलांवर दोन. दुपारी स्टुडिओच्या काचेच्या छपरावर पंजे वाजायचे आणि तो दचकून वर पाहायचा. घुमणं तर सगळीकडून यायचं, मूर्तिजापूरच्या गाडीची शिट्टी थांबली की त्या शांततेतही तेच. कोणाच्या लग्नाच्या फोटोला लाली लावताना हात थांबायचा. ही बाई मुळात अशी आहे का? ही गोरी आहे का? हा तीळ होता की डाग होता, मी काय पुसलं? अकरा वर्षांची सगळी तोंडं त्याच्याकडे पाहायची, वण पुसलेली, आठ्या पुसलेली. घरी गेला की खाटेकडे पाहणं जमत नसे. सकाळी "बाजूले सरा" म्हटलं की तो सरायचा आणि तसाच दारात जाऊन पाठ करून उभा राहायचा. अंजना पूर्वी त्याला विचारायची, आज काय रंगवलं? हल्ली विचारेना. जेवण कमी झालं तिचं. गोजराबाई कुरकुरली, "काय झालं पोरीले? चांगली खाऊन राह्यली होती." जगदेवनं हातातला घास ताटात ठेवला. झालं, सुरू झालं, त्याला वाटलं. सांगावं? सांगितलं आणि धसका घेतला तर? न सांगावं? आणि मग काही झालंच, तर उरलेला जन्म ते गिळून जगायचं. दोन्हीकडून त्याचाच हात होता. एकदा तो सांगायला म्हणून खाटेपाशी बसलाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "झोपली का?" "नाई." "काई पाह्यजे?" "नाई." झालं बोलणं. तो उठला.

आठव्याच्या शेवटच्या दिवशी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा दौलतसिंग स्टुडिओत आला. उन्हाळ्यात त्याची बायको धुरपताबाई वारली होती. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी काढलेला तिचा फोटो होता, तो रंगवायला देऊन गेला होता. जगदेवनं पुढं ठेवला. दौलतसिंगनं फोटो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे केला, बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाला, "ओढनी लाल होती, भाऊ. तू हिरवी केली."

"फोटोत लाल काळं येते, दादा," जगदेव म्हणाला. "हिरवंही काळंच येते. मले कसं समजन?"

"इचारलं असतं तं सांगतलं असतं."

एवढंच. रागानं नाही, भांडणानं नाही. जगदेव घाईघाईनं म्हणाला, की आता पुसतो, लगेच लाल करून देतो. दौलतसिंगनं मान हलवली. "लाल तू देशील, तो तुया लाल होईन. तिचा नाई. तू नुसता हिरवा काढून टाक. काळी राहू दे. मले माहीत हाय ना कोनता होता ते." जगदेवनं कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि हिरवा पुसू लागला. बोळा हिरवा होत गेला आणि खालून धुरपताबाईची काळी ओढणी वर आली, चुण्यांसकट, कपाळावर ओढून घेतलेली, खरी. दौलतसिंग वाकून पाहत होता. "हा," तो म्हणाला, "आता ते हाय." फोटो त्यानं पागोट्याच्या शेमल्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि गेला. जगदेव किती वेळ हिरवा बोळा हातात घेऊन बसला होता कोण जाणे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. घरात एक बाई होती, जिनं जन्मभर होले उडवले होते कोथिंबिरीच्या वाफ्यांवरून. तिला त्यानं विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनानं पाहून घेतल्यावर त्यानं तसबीर खिळ्यावरून काढली. "कुठं नेऊन राह्यले?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात भीती होती. "काच सैल झाली," तो म्हणाला, आणि हे शेवटचं खोटं, असं स्वतःला म्हणाला. स्टुडिओत त्यानं फ्रेम उघडली. महिनाभरात रंग वाळून धरला होता. टर्पेंटाईन लावून लावून हळूहळू काढावा लागला. छातीचा जांभळा गेला. डोक्याचा हिरवट निळा गेला. जाड केलेली चोच चाकूच्या टोकानं खरवडून पुन्हा बारीक केली. प्रत्येक बोळ्यागणिक पक्षी लहान होत होता, साधा होत होता. फक्त डाव्या पंखातला मोरचुदाचा निळा पुरता निघेना. कितीही घासलं तरी एक झाक राहिलीच. जास्त घासावं तर कागद फाटायची भीती. मग त्यानं सगळ्यांत बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगाचा एक थेंब घेतला, श्वास रोखला आणि मानेमागे रेघ ओढली. अर्धी, निमुळती. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं एक रेघ भरून न काढता परत दिली होती.

चार वाजता तो घरी आला. गोजराबाई विहिरीवर गेली होती. अंजना उशीला टेकून बसली होती, तिनं हात पुढं केला आणि त्यानं तसबीर तिच्या मांडीवर ठेवली. तिला बसायला सांगावं, पाणी द्यावं, आधी दोन शब्द बोलावे, असं बरंच काही त्यानं वाटेत ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. ती पाहत राहिली. बाहेर कुठंतरी घुमणं चालू होतं.

"होला हाय हा," ती म्हणाली.

"होला हाय."

"दसऱ्यालेही होलाच होता?"

"होलाच होता. मले माहीत नोतं. मी त्याची कंठी पुसून टाकली, ओरखडा समजून."

"तुमाले कवा समजलं?"

"दिवाळी झाल्यावर."

अंजनानं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते जगदेवनं अपेक्षिलं होतं तसं भय नव्हतं. राग होता, चांगला लखलखीत राग. "दिवाळी झाल्यावर! म्हंजे इतके दिवस मी रोज हात जोडून राह्यली अन् तुमी तिकडं तोंड करून उभे? म्हून बोलत नोते? म्हून माह्याकडं पाहत नोते?" तिचा श्वास भरून आला, तो घाबरून पुढं झाला, तिनं त्याचा हात झटकला. "मले वाटे मावशीनं तुमाले काई सांगतलं. पोटात काई वाईट हाय, अन् तुमी माह्यापासून चोरून राह्यले. मागच्या खेपेले असंच केलं होतं तुमी. दोन दिवस आधी ठावं होतं तुमाले अन् तोंड फिरवून फिरत होते. मी रोज रातच्यानं पोटावर हात ठेवून जागी. हाललं की मोजे, नाई हाललं की... होल्याचं काय भेव घेऊन बसले हो? मले होल्याचं भेव नाई वाटलं. तुमच्या तोंडाचं वाटलं."

जगदेव खाली बसला, खाटेच्या पायाशी, जमिनीवर. मागच्या खेपेचं खरं होतं. तेव्हा गोजराबाईनं त्याला अंगणात बोलावून लेकरू हाती लागायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं घरात येऊन अंजनाला खोटं हसून दाखवायला लागू नये म्हणून तिच्याकडे पाहायचंच सोडलं होतं. ते तिला कळलं असेल हे त्याला आज कळत होतं. तो रडू लागला, बाईसारखा, नाक ओढत, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. अंजनानं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "आठवा काल सरला."

"माहीत हाय."

"होल्याच्या तोंडानंच सरला ना मंग? रोज हाललं लेकरू. आजही हालून राह्यलं." तिनं तसबीर उचलून डोळ्यांजवळ नेली. "कंठी थोडी जाड काढली तुमी. पन जागा बराबर हाय."

"पंखातला निळा नाई निघाला," तो म्हणाला. "लय घासलं."

"राहू द्या. होल्याच्या पंखात जराशी निळी झाक असतेच."

"असते?"

"उडते तवा दिसते. मळ्यात जलमले ना तुमी? कवा पाह्यला नाई?" आणि इतक्या दिवसांनी ती हसली, थोडीशीच, राग पुरता न सोडता. "रंग देता देता पाहाचंच राह्यलं तुमचं. लावा खिळ्याले. सरळ लावा."

त्यानं लावली. डावीकडे झुकली म्हणून सरकवली, मग उजवीकडे झुकली. गोजराबाई घागर घेऊन आत आली, तिनं तसबिरीकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि "हा कवा आला अन् तो कुठं गेला?" एवढंच विचारलं. तिनं होल्याकडे पुन्हा एकदा संशयानं पाहिलं, तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि चूल पेटवायला गेली. नववा अजून पुरा बाकी होता. जगदेव बोटांवर पुन्हा दिवस मोजू लागला होता. रात्री अंजना दोन भाकरी जेवली, तेवढी एक गोष्ट त्यानं धरून ठेवली.

सकाळी उजाडलं तेव्हा तो नेहमीसारखा खाटेपाशी उभा होता. अंजनाची चुळबूळ झाली, पण डोळे मिटलेलेच होते. जगदेव सवयीनं बाजूला सरला, भिंत मोकळी केली.

"कुठं चालले?" ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"बाजूले सरतो. तुले पाहाचं..."

"उभे राहा समोर. तोंड इकडं करून."

तो परत आला आणि खाटेसमोर उभा राहिला. दाढी वाढलेली होती, नखांत काळा रंग होता, रात्रभर झोप नव्हती; सगळं होतं तसंच होतं. त्यानं मान वर केली आणि अंजनानं डोळे उघडले.